घोडीला तीन पौंडांची सूट

९ एप्रिल

झालं! ज्याची भीती होती तेच झालं. आज सकाळच्या सरावात नेटलनं टायरनला मागे टाकलं. थोडंथोडकं नाही, चांगलं दोन घोड्यांच्या अंतरानं. वर बसलेला डिनी लगाम खेचून खेचून लालबुंद! उतरल्यावर म्हणतो, "बॉस, शप्पथ, मी काही नाही केलं. हीच ऐकेना."

दोघं तीन वर्षांची, दोघं हॅनराटीच्या मालकीची, दोघं माझ्याच पागेत. टायरन घोडा, नेटल घोडी. एवढाच काय तो तिचा गुन्हा.

कुणी पाहिलं नसावं. मैदानात फक्त मेंढ्या होत्या.

१० एप्रिल

सगळ्या किल्डेर परगण्याला कळलंय! मेंढ्यांचा भरवसा नाही.

१४ एप्रिल

हॅनराटी आला. सिमेंटवर पैसा केलेला माणूस— टायरनसाठी पेपरमिंटच्या गोळ्या, नेटलसाठी काही नाही. मी छाती पुढे काढून सांगितलं, नेटलला डर्बीत पळवू. ओक्स काय, नुसत्या माद्यांचीच शर्यत, म्हणजे सगळ्या बायकाबायकांची. डर्बीत घोडा-घोडी दोघांना मुभा आहे, वर घोडीच्या पाठीवर तीन पौंड वजन कमी.

तो हसला. "फर्गल, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? टायरन डर्बी जिंकला की पुढची वीस वर्षं लोक आपापल्या घोड्या घेऊन माझ्या फाटकाशी रांग लावतील. घोडीकडून मार खाल्लेल्या घोड्याकडे कोण येईल?"

"आणि ती जिंकली तर?"

"वर्षाला एक शिंगरू देईल. हरली तरी एकच देईल. मग कशाला उगाच?"

हिशोब चोख. शिवाय माझ्या पागेतले अर्धे घोडे त्याचे होते. मी त्याला चहा ओतला.

जेवताना नूलाला सांगितलं. तीस वर्षं या बाईशी संसार केलाय, तरी सांगितलं! म्हणाली, "चहा ओतलास? साखर किती तेही विचारलं असशील."

विचारलं होतं.

३ मे

पेपरात एका शहाण्याचा लेख. म्हणे वसंतात घोड्या तापट असतात, लांब पल्ल्याला टिकत नाहीत. घोडी जिंकली की ती तीन पौंडांची कृपा. घोडा हरला की मैदान ओलं होतं, नाहीतर जॉकीचं चुकलं. एकूण काय, घोडा कधी हरतच नाही. लेख पागेत चिकटवला होता. नेटलनं अर्धा खाल्ला.

२७ जून

डर्बी जिंकलो! टायरन झकास पळाला, त्याला बोल लावणार नाही. हॅनराटी टोपी तोंडावर धरून रडला. मीही रडलो, खोटं कशाला लिहू— माझी पहिलीच डर्बी. सगळे पाठीवर थापा मारत होते.

घरी आल्यावर नेटलला बघायला गेलो. माझ्याकडे पाठ करून गवत खात होती. घोड्यांना काही कळत नसतं. तरी मी तिथं फार वेळ उभा राहू शकलो नाही.

१८ जुलै

नेटलनं ओक्स मारली. दुसरी घोडी इतकी मागे की रेडिओवाल्याला मध्ये खोकून घ्यायला वेळ मिळाला. आणि तेच मैदान, तेच अंतर, टायरनपेक्षा कमी वेळात! हॅनराटीला म्हटलं तर म्हणतो, "जमीन सुकी होती रे आज."

सुकी होती, हेही खरंच. यातच सगळी गंमत आहे. एकत्र पळवल्याशिवाय कुणाला काही कळणार नाही, आणि एकत्र तो पळवणार नाही.

५ नोव्हेंबर

दोघं पैदाशीसाठी हॅनराटीच्या स्टड फार्मवर रवाना. टायरनकडे पहिल्या मोसमात चाळीस घोड्या येणार, त्यात नेटलही. घरातल्या घरात लग्न! नूला म्हणाली, "जिला त्याच्याबरोबर पळू दिलं नाही, तिला आता त्याच्याच गळ्यात बांधा."

मी हॅनराटीला सुचवलं, वंध्यत्वाचा विमा काढून ठेव. केवढा चिडला! "टायरनचा? त्याच्याकडे बघून कुणाला तरी शंका येईल का?" जसं काही मी खुद्द हॅनराटीबद्दलच बोललो होतो.

६ एप्रिल

फार्मवरून कुजबूज. मोसम निम्मा संपला, एकही घोडी गाभण नाही.

हसू नये. हसलो.

२० मे

आमचा घोड्यांचा डॉक्टर फोगर्टी तिकडचंही काम बघतो. आज आला, व्हिस्की मागितली. "फर्गल, टायरनचं वीर्य सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. आहेत थोडेसे. पण सगळे भलत्याच दिशेला चाललेत." हॅनराटी अजून मानत नाही. नेटलला परवा पुन्हा एकदा टायरनकडे नेलं म्हणे— शेवटचा प्रयत्न.

१२ जून

दोघं एकाच ट्रकमधून परत माझ्या दारात! नेटल रिकामी, बाकी सगळ्या रिकाम्या. डर्बीचा विजेता शून्य किमतीचा.

हॅनराटीचा फोन. आवाज पार बसलेला. "तुझ्या त्या घोडीला पळव घोड्यांबरोबर. कुठं हवं तिथं पळव. आता कुणाचं काय जाणार आहे?"

"आणि टायरन?"

"तो पुढं पळून तिच्यासाठी वेग लावून देईल."

मी फोन ठेवला आणि अंगणात नाचलो. या वयात! डिनीनं पाहिलं.

४ जुलै

टायरन ताळ्यावर नाही. फार्मवरची ऐश डोक्यात गेलीय. घोडी दिसली की किंचाळतो, मागच्या पायांवर उभा राहतो. आज डिनीला काटेरी झुडपात फेकलं. हॅनराटीला स्पष्ट सांगितलं, खच्ची करू. तो म्हणाला, "कर. त्याचा आता उपयोग तरी काय!"

९ जुलै

फोगर्टीनं काम उरकलं. दोरी मी स्वतः धरली. मनात कुठंतरी बरं वाटलं, आणि ते वाटल्याची लाजही वाटली. गाजरं दिली त्याला. त्यानं खाल्ली, वर माझी बाही चाटली. बिचारा.

१९ सप्टेंबर

जिंकली!! नेटल जिंकली! घोड्यांना हरवून!

टायरननं इमानेइतबारे वेग लावला, शेवटच्या वळणावर बाजूला झाला, आणि ती सुटली. मागे पाच घोडे, एकेक जण आपापल्या देशातल्या शर्यतींचा राजा. डिनी माझ्या गळ्यात पडून नाव घेऊन ओरडत होता, बॉसबिस सगळं विसरून. हेच पाहायचं होतं मला. दीड वर्ष हेच.

हॅनराटी पत्रकारांना सांगत होता, "मी पहिल्यापासून म्हणत होतो." तो पेपरातला शहाणा तिथंच होता. म्हणाला, यंदाचे घोडे जरा सामान्यच आहेत.

नूलानं घरी बेकन आणि कोबी केला होता. म्हणाली, "आता तरी तोंड सरळ कर." केलं.

२६ सप्टेंबर

पुढच्या आठवड्यात पॅरिसची शर्यत. प्रवासाआधी नेटलला बघायला फोगर्टीला बोलावलं— पोट जरा सुटल्यासारखं वाटत होतं, खुराक कमी करावा म्हणून. त्यानं हात घातला आणि तसाच उभा राहिला. मला वाटलं, काहीतरी वाईट आहे.

"फर्गल, ही गाभण आहे."

"कुणाकडून?" मी मूर्खासारखं विचारलं.

"मे महिन्यात तिला नेलं कुणाकडे? एकाकडेच ना!"

"अरे पण जूनमध्ये तूच रिकामी म्हणून लिहून दिलंस!"

तो हात धूत राहिला. माझ्याकडे बघेना. "तपासलीच नव्हती रे. बाकी सगळ्या रिकाम्या निघाल्या. म्हटलं, हीही असणार."

म्हणजे त्या पाचही घोड्यांना हरवलं तेव्हा बाई दुजिवशी होती! पॅरिस आता विसरायचं. तिच्या मानेवर हात ठेवून उभा राहिलो, तर या वेळी तिनं पाठ फिरवली नाही.

२७ सप्टेंबर

हॅनराटीला फोन केला. ऐकून आनंदानं ओरडलाच— "म्हणजे टायरनचं जमतंय! अरे फर्गल, पुढच्या मोसमात त्याला—"

आणि मग त्याला ९ जुलै आठवली. दोरी मीच धरली होती.