मशीनच्या दिव्याला लाल दोरा

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार वर्कशॉपच्या वरच्या दोन खोल्यांत, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसं डॉक्टरांचं पत्र सोबत जोडलं आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्याबद्दल कायदा काही विचारत नाही. मला कोणी धमकावलेलं नाही, की गोड बोलून गुंडाळलेलं नाही. उलट वकीलसाहेबच दोनदा म्हणाले, "बाई, एवढं सगळं लिहायची गरज नाही." गरज कोणाला आहे ते मला ठाऊक आहे, म्हणून लिहिते. कपाटात निळ्या पाकिटात जे जुनं मृत्युपत्र आहे ते रद्द समजावं. त्यात मी कलम सात घातलंच नव्हतं.

कलम एक. वरच्या दोन खोल्या माझ्या मुलाला. तो लांब राहतो, वर्षातून एकदा येतो आणि चप्पल काढायच्या आत म्हणतो, "आई, हे खालचं भंगार काढून टाक." खोल्यांचं त्याने हवं ते करावं. खालच्या वर्कशॉपला मात्र हात लावायचा नाही. ज्याला तीस वर्षं सांगूनही ओव्हरलॉक आणि कव्हरस्टिच या दोन मशीनमधला फरक कळला नाही, त्याने भंगार कशाला म्हणायचं ते ठरवू नये. हे रागाने लिहीत नाही, बाळा. थोडं रागानेच लिहिते.

कलम दोन. बँकेत जे असेल ते माझं औषधपाणी भागवून मुलगा आणि पुतणी यांना निम्मं निम्मं. यावर वाद घालू नये.

कलम तीन. वाफेची इस्त्री आणि तिचं टेबल इस्त्रीवालीला. टेबलाचा डावा पाय लंगडा आहे हे तिला माहीत आहे, कारण तिनेच तो लंगडा केला. काजवालीला, म्हणजे जी आमच्याकडे काज-बटणाचं काम करते तिला, मी इथे काहीच ठेवत नाही. ती या कागदावर साक्षीदार आहे आणि साक्षीदाराला काही ठेवता येत नाही असं वकीलसाहेब म्हणतात. म्हणून मोठी कात्री मी तिला कालच देऊन टाकली. तिने त्या कात्रीने कागद कापला तर मी जिथे असेन तिथून उठून येईन.

कलम चार. समोरच्या छापखान्याच्या मालकाने अकरा वर्षं माझ्या दारात स्कूटर लावली. त्याला मी काही ठेवत नाही. माफही करत नाही. हे कलम त्याला मोठ्याने वाचून दाखवावं.

कलम पाच. खालच्या फळीवर एका पिशवीत मशीनचे सात पाय आहेत. पाय म्हणजे सुईखाली कापड दाबून धरतो तो लोखंडी तुकडा. हे सातही मला मशीन दुरुस्त करणाऱ्याने विकले. "सगळ्या मशीनना बसतो, ताई, डोळे मिटून घ्या," असं प्रत्येक वेळी म्हणाला. मी डोळे मिटून घेतले. एकही बसला नाही. कोणाची मशीनला अडकवायची दांडी उंच, कोणाची आखूड, कोणाची सुईची भोकं अर्ध्या दोऱ्याएवढी सरकलेली. ती पिशवी त्याला परत द्यावी, आणि त्याने ती डोळे उघडे ठेवून घ्यावी.

कलम सहा. कव्हरस्टिच मशीन, त्याचा दिवा, त्याचं स्टूल आणि पत्र्याच्या डब्यातले सगळे पाय नि पट्टी दुमडणारे फोल्डर मी माझ्या धाकट्या जावेला देते. आम्ही सगळे तिला धाकटीच म्हणतो. तिच्या पश्चात ते तिच्या मुलीला, म्हणजे माझ्या पुतणीला.

पुतणीने मागच्या महिन्यात जिन्यात गाठून विचारलं, "काकू, मशीन घ्यायचं म्हणते. टी-शर्टच्या काठाला वरून दोन रेघा आणि आतून जाळी येते ना, तेच मशीन. त्याला पाय कुठले कुठले लागतात?" मी तिला, "नंतर सांगते," म्हणाले आणि गुडघ्याचं निमित्त करून वर निघून आले. ते नंतर म्हणजे हे.

तर ऐक, पोरी. आधी दांडीची उंची बघ, मग सुयांमधलं अंतर. ही दोन्ही जुळली नाहीत तर पुढचं काही बघूच नकोस. कंपनीच्या नावावर जाऊ नकोस, आपल्या मशीनचा एक चांगला पाय खिशात घालून दुकानात जा आणि शेजारी ठेवून बघ. पारदर्शक पाय पहिला घे. खालची घडी कुठे संपते ते त्यातून दिसतं, आणि नव्या हाताला दिसणं महत्त्वाचं. इलॅस्टिकच्या पायाला वर छोटा स्क्रू असतो. तो जितका आवळशील तितकं इलॅस्टिक ताणून जाईल, म्हणून आधी चिंधीवर लाव, मालावर नाही. गळ्याला पट्टी लावणारा फोल्डर घेताना दुकानदार जी रुंदी सांगतो ती कापायच्या पट्टीची असते, तयार पट्टीची नव्हे. चार घड्या पडून ती चौथाई होते. हे न कळल्यामुळे माझ्याकडे तीन फोल्डर आहेत ज्यांतून बुटाच्या नाडीएवढी पट्टी निघते. धाकटी तेव्हा म्हणाली होती, "ताई, ही कापायची रुंदी आहे हो." मी म्हटलं, "तू मला शिकवू नकोस."

या कलमात जे शहाणपण आहे ते सगळं तिचं आहे. माझं त्यात काही नाही. ती कापड हातात घ्यायची, एकदा आडवं ताणायची, एकदा उभं, आणि न बघता डब्यातून नेमका पाय उचलायची. मशीन माझ्या नावावर होतं, हात तिचा होता. लोक माल बघून मला म्हणायचे, काय सफाई आहे तुमची! आणि मी मान डोलवायची.

वर्कशॉपचा एक नियम होता, तो मात्र माझा. कव्हरस्टिचवर आम्ही दोघीच बसायचो. जी पाय बदलेल तिने मशीनच्या दिव्याला लाल दोरा बांधायचा. पुढे जी बसेल तिने दोरा दिसला की पाय बघायचा, खात्री करायची आणि मगच दोरा सोडायचा. दोरा नाही म्हणजे पाय तोच. या नियमाचा मला फार गर्व होता. येईल त्याला दाखवायची.

कलम सात. हे कलम देण्याचं नाही, परत करण्याचं आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी प्रसूतिगृहाच्या बाळांची एकशे वीस झबली आमच्याकडे शिवायला आली होती. त्यांच्या काठाला एका बाजूला चार पदर यायचे आणि दुसऱ्या बाजूला दोनच. अशा ठिकाणी साधा पाय जाड बाजूवर अडून बसतो, पातळ बाजू मोकळी राहते आणि टाका चुकतो. त्यासाठी दोन तुकड्यांचा पाय असतो. मधून चिरलेला, दोन्ही अर्ध्यांना वेगळी स्प्रिंग, एक वर राहिला तरी दुसरा खाली बसतो. समोरून बघाल तर अगदी साध्या पायासारखा. धाकटीने तो बसवला, पाच झबली शिवून ताणून पाहिली आणि उरलेलं कापड आणायला गेली.

ती गेल्यावर मी मशीनवर बसले. मुलाच्या टी-शर्टचा काठ उसवला होता, तेवढा घालून टाकू म्हटलं. दोन तुकड्यांचा पाय काढून एप्रनच्या खिशात टाकला, पारदर्शक बसवला, काठ घातला. तेवढ्यात वर दूध उतू जायची वेळ झाली. मी घाईघाईने पारदर्शक काढला, डब्यात हात घातला, समोर आला तो पाय तोच समजून बसवला आणि वर पळाले. दोरा बांधला नाही. दूधही उतू गेलंच.

धाकटी आली, दिव्याकडे पाहिलं, दोरा नाही म्हणून बसली आणि दोन दिवसांत सगळी झबली शिवली.

आठवड्याने प्रसूतिगृहाची नर्स गाठोडं घेऊन दारात उभी. पहिल्याच धुण्यात काठ सुटले होते. तिने एक दोरा धरून ओढला आणि आख्खा काठ आमच्या डोळ्यांदेखत सर्रकन उघडला. मी मशीनचा पाय पाहिला. साधा होता. आणि मी काजवाली, इस्त्रीवाली, ती नर्स, सगळ्यांसमोर धाकटीला म्हटलं, "पाय बदललास आणि दोरा बांधला नाहीस? डोळे फुटले होते का?"

ती म्हणाली, "ताई, मी पाय बदललाच नाही."

"मग काय मी बदलला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी मात्र थांबले नाही. नर्सला म्हटलं, "या हातांत यापुढे कोणी मशीन देऊ नये." हे वाक्य मी जसंच्या तसं लिहिते आहे, कारण ते जसंच्या तसं गावभर गेलं.

चौथ्या दिवशी एप्रन धुवायला काढला आणि खिशात पाय हाताला लागला.

तेव्हा सांगता आलं असतं. ती तोवर काम सोडून गेली होती, पण पाच मिनिटांवर राहत होती. आमच्या ह्यांना मी सांगितलं. ते म्हणाले, "अगं, चप्पल घाल आणि आत्ता जा." मी म्हटलं, उद्या जाते. हे आठ वर्षांपूर्वी गेले, माझं उद्या काही उजाडलं नाही. हे आणि धाकटीचा नवरा, दोघे सख्खे भाऊ, त्या दिवसापासून रस्त्यात भेटले तर घड्याळाकडे बघायचे. ह्यांच्या शेवटच्या दिवशी दीर दारापर्यंत आले आणि आत न येता उभे राहिले. तेही माझंच पाप.

धाकटीला कोणत्याही वर्कशॉपने मशीन दिलं नाही. गणवेशाच्या कारखान्यात तिला सुटे धागे कापायच्या टेबलावर बसवलं. एकोणीस वर्षं ती दुसऱ्यांच्या शिवणीची टोकं कापते आहे. असा हात पुन्हा होणार नाही आणि तो मी धागे कापण्यात घालवला. मला याची लाज वाटते. रोज वाटते. नुसती वाटून काय उपयोग, हेही रोज वाटतं.

तिला माहीत नव्हतं असं नाही. मशीनवर दोघीच बसायचो. तिने नाही, तर मी. एवढं तिला त्याच क्षणी कळलं, म्हणूनच ती तशी बघत राहिली. तिला माझ्याकडून कळायचं काही बाकी नाही. बाकीच्यांना कळायचं आहे.

तो पाय मी कपाटाच्या आतल्या कप्प्यात, ह्यांच्या चष्म्याच्या डबीत ठेवला आहे. पुन्हा कधी वापरला नाही. जाड-पातळ काठाचं काम आलं की मी सांगायची, आमच्याकडे होत नाही. तो पाय बाहेर काढावा लागला असता आणि काजवालीने विचारलं असतं, ताई, हा कुठे होता इतके दिवस?

म्हणून लिहून देते: पाय मी बदलला. दोरा मी बांधला नाही. झबली माझ्यामुळे उसवली. धाकटीचा त्यात सुईच्या टोकाएवढाही दोष नव्हता.

कलम आठ. माझ्या मागे हे मृत्युपत्र वर्कशॉपमध्ये, कव्हरस्टिचजवळ उभं राहून वाचावं. काजवाली, इस्त्रीवाली आणि ती नर्स यांना बोलवावं. नर्स आता निवृत्त झाली आहे, काठी टेकत येईल, तिला रिक्षा करून द्यावी. कलम सात दोनदा वाचावं.

इथपर्यंत लिहून मी कागद सहीसाठी काजवालीपुढे ठेवला. साक्षीदाराने आतलं वाचायची गरज नसते, पण ती काजवाली आहे, तिने सगळं वाचलं. चष्मा काढून पुसला. मग म्हणाली, "ताई, हे तुम्ही गेल्यावर तिला ऐकवणार?"

"हो. असंच असतं मृत्युपत्र."

"मग तिने भांडायचं कोणाशी?"

मी तिचं ऐकलं आणि कागद परत घेतला. एकाहत्तर वर्षांत असं पहिल्यांदाच झालं, हे तिनेही बोलून दाखवलं.

म्हणून कलम आठ आजच, धाकटीपासून, अमलात आणते. काजवाली सही करून धाकटीला आणायला जाणार आहे. चष्म्याच्या डबीतला पाय काढून मी मशीनला बसवला. स्क्रू दोनदा पडला. नंतर दिव्याला लाल दोरा बांधला. एकोणीस वर्षं उशीर झाला, पण गाठ घट्ट आहे.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, त्यातलं एक अक्षर मला मागे घ्यायचं नाही, आणि दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही करते.

(सही) थोरली

साक्षीदार:
१. (सही) काजवाली. मी त्या दिवशी तिथे हजर होते आणि धाकटीच्या बाजूने एक शब्द बोलले नाही, हेही लिहून घ्यावं.
२. (सही) कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक

ठिकाण: वर्कशॉप, कव्हरस्टिच मशीनसमोर
दिनांक: नऊ मार्च, सोमवार, दुपारी चार

सह्या झाल्यावरची नोंद. ज्याला मिळणार त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, म्हणून खालचं लिखाण ही साक्ष नाही. धाकटी आली. माझ्याकडे न बघता आधी दिव्याकडे पाहिलं. खाली वाकून पाय बघितला, बोटाने दोन्ही स्प्रिंगा दाबून पाहिल्या. मग स्टुलावर बसून सगळे कागद वाचले, कलम सात दोनदा. मी म्हटलं, "धाकटे, चुकलं माझं." तिने माझ्या हातातलं पेन घेतलं आणि हे लिहून निघून गेली:

"वाचलं. पाय बरोबर बसला आहे. दोरा आज सोडत नाही."