दादा राहायला येतो

४ फेब्रुवारी

चि. धाकटीस, ताईचे पुष्कळ आशीर्वाद.

पत्रास कारण माझा गुडघा. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली आणि जीव टांगणीला लागला आहे. गुडघ्यापायी नव्हे, तुझ्या दादापायी. मी दवाखान्यात असताना त्याला ठेवून घेशील का? गेल्या वेळी त्याने तुला ढकललं, तू पडलीस, हे मी विसरलेले नाही. पण एकटा राहिला की तो गोळ्या बंद करतो आणि मग कुणालाच आवरत नाही.

एक ऐक. मनाच्या अशा आजारात घरच्यांनी कसं वागावं, हे शिकवणारे वर्ग असतात. मी इथल्या वर्गाला जाते. तुझ्याकडेही आहे, मी चौकशी केली. जाऊन तर ये. नाक मुरडशील, पण ते मला इथून दिसणार नाही.

उत्तर लवकर धाड. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. मी नाहीच म्हणणार होते. दादा म्हणाला कपाटात माणसं आहेत, मी कपाट उघडून रिकामं दाखवलं, तर मलाच ढकललं. आता यावर मला कोण काय शिकवणार, असं पुटपुटत वर्गाला गेले.

तिथल्या बाईंनी माझ्या हातात सुईदोरा दिला आणि दोन्ही कानांशी एकेक माणूस कुजबुजायला बसवला. एक म्हणे, सगळे तुला हसताहेत. दुसरा म्हणे, पळ इथून. जन्म शिवणकामात गेला माझा, ताई, पण सुई ओवता आली नाही. दोघांवर ओरडले आणि मग रडत बसले. बाई म्हणाल्या, तुमच्या दादाच्या कानात दिवसभर हेच चालतं. त्याच्याशी वाद घालू नका, होला होही करू नका. भीती वाटते का, तेवढं विचारा.

दादाला पाठव. मला अजून भीती वाटते, पण पाठव. गोळ्या पिशवीत दे, खिशातलं तो हरवतो.

गुडघ्याला जप, आणि माझ्यावर रागावली असशील तर राग सोड.

तुझी,
धाकटी

११ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

गुडघा वाकतो का? मी गोळ्या घेतो आहे. धाकटी मास्तरीण झाली आहे, गिळली की नाही ते तोंड उघडून दाखवावं लागतं. ती पडदे शिवते, मी त्यांना रिंगा लावून देतो.

परवा कपाटातली माणसं पुन्हा आली. तिने कपाट उघडलं नाही. खाली बसली आणि भीती वाटते का विचारलं. वाटते म्हटलं. मग कसली, असं विचारलं. हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगितलं की गेल्या वेळी तिने दार उघडलं तेव्हा ती माणसं तिला आत ओढणार होती, म्हणून मी तिला बाजूला ढकललं. मग ती म्हणाली, तिला माझी भीती वाटते.

मला वाईट वाटलं नाही. सगळे तोंडावर म्हणतात, छे, तुझी कसली भीती, आणि झोपताना आवाज न करता आतून कडी लावतात. तूही लावतेस, ताई. धाकटीही लावते. पण आता ती आधी मला सांगते आणि मग लावते. मला झोप लागते.

तू घरी आलीस की तूही सांगून लाव.

तुझ्या मायेतला,
भाऊ