सुई उडू नये म्हणून

प्रिय झ्देंका,

ओस्लोत अजून बर्फ आहे म्हणतेस. इथे ब्र्नोत अंगणातलं जर्दाळू फुललंय. खालच्या काकूंनी तुझ्याकडे चुगली केलीच ना, की तुझे बाबा भिंतीला भोकं पाडतात? तर ऐक.

माझा रेकॉर्ड प्लेअर कपाटावर, कपाट लाकडी जमिनीवर. तुझी आई आणि मी सोफ्यावर बसून ऐकायचो, तेव्हा काही अडलं नाही. पण या हिवाळ्यात लिबुशे यायला लागली. समोरच्या दारातली, निवृत्त नर्स. अंगानं दणदणीत, हसण्यानंही. पोल्का नाचाची धून लागली की तिला बसवत नाही. तिनं गिरकी घेतली की जमीन हलायची, कपाट हलायचं आणि सुई टुणकन पुढच्या गाण्यावर! "तुमच्या यंत्राला माझं वजन झेपत नाही हो," म्हणून हसायची. पण एकदा ती गाणं संपेपर्यंत खुर्चीत मुकाट बसून राहिली. ते मला बघवेना.

आपला बोहुमिल थडग्यांचे दगड घडवतो. त्याच्याकडून ग्रॅनाइटची जाड फरशी आणली. "स्वतःसाठी आगाऊ नेतोयस काय?" म्हणाला लेकाचा. फरशीखाली टेनिसचे चेंडू अर्धे कापून ठेवले, तर भारानं पार चपटे झाले. चपटा चेंडू धक्का काय शोषणार? मग हलकी फरशी आणि मऊ रबर. स्पीकरही कपाटावरून वेगळ्या स्टँडवर हलवले. खर्जातली घरघर गेली, आवाज असा मोकळा झाला म्हणून सांगू! पण लिबुशेची गिरकी सुईपर्यंत पोचायचीच.

"तिला बसून ऐकायला सांग ना," बोहुमिल वैतागला.

"मग एवढी खटपट कुणासाठी करतोय मी?" माझ्या तोंडून गेलं, आणि माझं मलाच कळलं. त्यानं बिअरचा पेला खाली ठेवला. "अरे गाढवा, जमीन नाचते तर जमिनीवर ठेवतोस कशाला? भिंतीवर चढव!"

चढवलं. विटांच्या जाड भिंतीत लोखंडी ब्रॅकेट, त्यावर रबर, वर फरशी, पाणसळ लावून सपाट केलेली. रविवारी दुपारी लिबुशे खसखशीचा केक घेऊन आली. मी पोल्का लावून हात पुढे केला. तिनं भीत भीत एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि मग काय! कपबशा किणकिणल्या, काकूंनी खालून झाडूनं छत ठोकलं, पण सुई ढिम्म हलली नाही. गाणं शेवटच्या सुरापर्यंत वाजलं. मी तिथंच धापा टाकत तिला विचारलं. "अरे, आधी श्वास तर घे," म्हणाली. पहिल्यांदाच 'अरे' म्हणाली. मग हो म्हणाली.

जूनमध्ये नगरभवनात लग्न आहे. फोनवर सांगायचा धीर झाला नाही. तू गप्प झाली असतीस तर मी काय बोललो असतो? आईचा फोटो जागच्या जागी आहे. परवा लिबुशेनंच त्याची काच पुसली. माझ्या बाजूनं सही करायला एक साक्षीदार लागतो. बोहुमिल मागे लागलाय, पण त्याला मी अजून हो म्हटलेलं नाही. माझ्या शेजारी तू उभी राहशील का गं?

वाट पाहणारा, तुझाच,
बाबा