मुनीबचं कोपर

९ डिसेंबर, लाहोर

मुनीब पुन्हा आमच्या गोलंदाजी-तपासणीच्या प्रयोगशाळेत आलाय! डस्क्याचा तो फिरकीवाला. पंचांची पुन्हा तीच तक्रार — चेंडू टाकत नाही, फेकतो. या वेळी नापास झाला तर वर्षभराची बंदी. सरकारी खात्याच्या संघात खेळतो म्हणून तिथे नोकरी आहे, तीही जाणार. आमच्या प्रमुख, डॉक्टर सफिया, म्हणाल्या, "काशिफ, कीव करायची नाही. मोजायचं." मी कसली कीव करतोय! मोजायचाच पगार मिळतो मला.

१० डिसेंबर

पहिली फेरी झाली. मुनीबचा सदरा उतरवून अंगावर चमकते मणी चिकटवले — खांदा, कोपर, मनगट. पोरगं थंडीनं काकडत होतं. माझा जोडीदार शफकत, त्याला मात्र अशा वेळीच चेव येतो. "हलू नकोस नवरदेवा, मेंदी बिघडेल!"

मुनीब म्हणाला, "वरात काढताय की जनाजा, तेवढं सांगा."

आमच्या कॅमेऱ्यांना माणूस दिसत नाही, फक्त मणी दिसतात. पडद्यावर ठिपक्यांचा माणूस धावत येतो, हात फिरवतो. हात खांद्याच्या रेषेत आल्यापासून चेंडू सुटेपर्यंत मुडपलेलं कोपर किती सरळ होतं, ते मोजायचं. पंधरा अंशांपर्यंत माफ. मुनीबचं सव्वीस! नापासच की.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. फेकणारा कोपर मुडपतो ते काहीतरी मिळवायला — वेग म्हणा, फिरकी म्हणा. याला काहीच मिळत नाही. उलट हात वर नेताना हा अंग चोरतो. गल्लीत समोरून म्हातारं माणूस आलं की आपण चोरतो ना, तसं. पडद्यावर ते फार स्पष्ट दिसतं. ठिपके दर वेळी कशाला तरी वळसा घालून जातात. उजव्या बाजूला, यष्ट्यांना अगदी खेटून.

तिथे कोणीही नव्हतं. मी दोनदा उठून पाहिलं.

११ डिसेंबर

न राहवून मुनीबला फाटकाबाहेर चहाला नेलं. धुरकं असं की चहावाला हाकेवर शोधावा लागला. विचारलं, "तिथे कोण उभं असतं रे?"

तो जराही दचकला नाही. कोणीतरी एकदाचं विचारलं म्हणून बरं वाटल्यासारखा बोलत सुटला. उस्ताद बरकत. सियालकोटात आयुष्यभर चेंडू शिवले, त्यात डोळे गेले. फिरकी कानानं ऐकायचे! यष्ट्यांना खेटून, कान पुढे करून उभे. "भुणभुण कच्ची आहे, पुत्तर. आणखी पीळ दे." हात सरळ फिरवला तर उस्तादांच्या थोबाडावर बसणार. म्हणून लहानपणापासून कोपर मुडपायची सवय.

"आणि आता कुठे असतात?"

"तीन वर्षं झाली मातीत जाऊन."

"मग आता कशाला मुडपतोस, गाढवा?"

त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "भाईजान, तुम्ही उगाराल का उस्तादांच्या तोंडावर हात?"

मी हसलो. चहाचे पैसे देऊन त्याला आत घेऊन आलो.

१२ डिसेंबर

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. हे इथे लिहून ठेवतो.

जेवणाच्या सुट्टीत त्या जागेवर जाऊन उभा राहिलो. वास आला — कातड्याचा आणि मेण लावलेल्या दोऱ्याचा. आमचे चेंडू कारखान्यातून डबाबंद येतात, त्यांना कसला आलाय मेणाचा वास! शफकतला हाक मारली. तो म्हणाला, "तुझ्या नाकात धुरकं गेलंय." असेलही.

उद्या शेवटची फेरी. नंतर अहवाल जाणार.

१३ डिसेंबर

आज मी काय केलं ते डॉक्टरांना कधीच कळता कामा नये.

पहिले चेंडू तसेच — वळसा, सव्वीस, सत्तावीस. मुनीबचा चेहरा पडला. डॉक्टर फोन घ्यायला बाहेर गेल्या. मी उठलो, टेबलाशी माझ्या उजव्या हाताला एक खुर्ची ओढली, रुमालानं पुसली आणि त्या रिकाम्या जागेला म्हणालो, "उस्तादजी, किती वेळ उभे राहणार? इथे या, माझ्याजवळ बसा. इथून छान ऐकू येईल." बापाच्या वयाच्या माणसाला आपण म्हणतोच ना तसं. शफकत खो-खो हसला.

पुढचा चेंडू — आठ अंश.

त्याच्या पुढचा — सात. वळसा नाही, काही नाही. हात दोरीत सरळ! डॉक्टरांनी परत येऊन सगळी फेरी पहिल्यापासून घेतली, तरी तेच. आता शफकत हसत नव्हता. मुनीब खुर्चीकडे बघत होता, डोळे भरलेले. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण उजवा दंड दिवसभर गार पडलाय.

१७ डिसेंबर

मुनीब पास! डस्क्याहून मिठाई आली.

२२ डिसेंबर

प्रयोगशाळेतल्या टीव्हीवर मुनीबचा सामना पाहिला. हात सरळ, पंच खूश. आणि चेंडू? पोरंसोरंही धोपटत होती. रडवेल्या आवाजात त्याचा फोन आला. "कानाशी कोणी काही सांगत नाही, भाईजान. ते तुमच्याकडेच आहेत ना? पाठवा की त्यांना परत!"

मी म्हणालो, मेहनत कर, वेडेपणा सोड. फोन ठेवला आणि खुर्चीपुढे जाऊन उभा राहिलो. बोलावताना जीभ कशी सरसर चालली होती. आता 'जा' म्हणवेना. आमच्या घरात पाहुण्याला कोणी कधी तसं म्हटलेलं नाही. शेवटी अडखळत म्हणालो, "उस्तादजी, मुनीब आठवण काढतोय."

मग दिवे मालवले आणि घरी निघालो.

२४ डिसेंबर

खुर्ची उचलून भांडारात ठेवली. मेणाचा वास आज घरीही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

जुम्म्याची नमाज. रांगेत खांद्याला खांदा भिडला पाहिजे. माझ्या उजवीकडच्या अनोळखी माणसानं मात्र एकाची जागा सोडली होती. मी खूण केली — सरका. तो वैतागला. "कुठे सरकू? या बाबांच्या अंगावर?"