पाटीवरचं चौथं नाव

११ ऑगस्ट १९७२

प्रिय शामलाताई, जयभीम.

मी मजेत आहे. खानावळीतली भाजी फार तिखट असते, बाकी त्रास नाही. मायचा खोकला कसा आहे?

आमच्या बँकेच्या जुन्या इमारतीवर पंधरा ऑगस्टला दगडी पाटी बसणार आहे. बेचाळीसच्या गोळीबारात याच पायऱ्यांवर जे गेले, त्यांची नावं तिच्यावर आहेत. आधी तीनच नावं ठरली होती. आपला धोंडबामामाही तिथेच पडला, हे मी मॅनेजरसाहेबांना सांगितलं आणि त्यांनी चौथं नाव कोरून घेतलं.

परवा इथल्या गावातले दोघे खोलीवर आले. मी चहा केला. एकजण हसत म्हणाला, "मामाचं नाव काहून पाहिजे गा तुले? नोकरी कर ना गुपचूप." काल घरमालकाने खोली सोडायला सांगितली. आज सकाळी बँकेच्या अंगणात आणून ठेवलेली पाटी पाहिली, तर चौथं नाव कुणीतरी छिन्नीने खरवडून टाकलेलं.

साहेब म्हणतात, "जाऊ दे आता." पण समारंभात नावं वाचायचं काम माझ्याकडे आहे. मी चारही वाचणार.

माय यायचा हट्ट करेल. तिला तिथे घरीच, सक्करदऱ्यात ठेव, तूही येऊ नकोस. माझी पेटी एसटीने पाठवली आहे, ती उतरवून घे.

पंधराच्या संध्याकाळी मायला सांग, तिच्या भावाचं नाव गावाने ऐकलं.

तुझाच धाकटा,
सुखदेव