देवक एकच निघालं

मस्तगड, जालना
तुळशीच्या लग्नाचा दुसरा दिवस, १९९८

राजमान्य राजश्री तातेराव यांस सप्रेम नमस्कार. अंकुशनगरच्या उसाचा गोडवा आपल्या वाणीत वाढत राहो (रक्तात नको) आणि गुडघ्यांनी हिवाळ्यात तरी आपलं ऐकावं, ही इच्छा.

पत्रास कारण, तक्रार. मागल्या पत्रात आपण आमच्या वाहनाचा उल्लेख 'खेळणं' असा केलात. तातेराव, शब्द जपून वापरावेत. लेकरू मोडतं ते खेळणं. पन्नाशीचा संस्कृतचा मास्तर जे मोडून पुन्हा जोडतो, त्याला संशोधन म्हणतात. रिमोटची ती गाडी औरंगाबादेहून विकत आणली हे खरं, पण आता तिच्यात मूळचा फक्त रंग उरलाय. मोटर टेपरेकॉर्डरची (टेप तुमच्या ताईचा होता, हा विषय घरात वर्ज्य आहे), चाकांना हवाई चपलेचं रबर, धक्के सोसायला बॉलपेनच्या स्प्रिंगा आणि वर टप म्हणून साबणाची डबी.

तुम्ही विचाराल, या वयात हे काय? खरं सांगतो, लेकीची, वैखरीची सुपारी फुटल्यापासून मला एका जागी बसवत न्हाई. पुस्तक उघडतो, मिटतो. अंगणात जातो, कशाला आलो ते विसरतो. मंग पेचकस घेतो आणि बिलकुल ठीक चाललेली गाडी खोलून बसतो. चाकं काढतो, पुन्हा तीच बसवतो. स्थळ तुम्ही आणलेलं, मुलगा नोकरीला, केदारखेड्याला काळी जमीन. तक्रारीला जागाच न्हाई. म्हणून स्प्रिंगांवर तक्रार करतो.

आमच्या गल्लीतला रेडिओवाला इस्माईल याच व्याधीचा रोगी. त्यानेही एक गाडी बांधली. परवा सकाळी दोघं आपापली गाडी घेऊन मैदानावर गेल्तो. मी डावीकडे वळवली, तर त्याची वळली. त्याने पुढे सोडली, तर माझी पळत जाऊन एका म्हशीच्या पायात थांबली. इस्माईल म्हणाला, "सर, आपकी गाडी मेरी सुनती, मेरी आपकी!" दोन्ही रिमोटांची फ्रिक्वेन्सी एकच निघाली होती. आता मला परक्या शब्दाला घरचा प्रतिशब्द दिल्याशिवाय चैन पडत न्हाई, हे तुम्ही जाणताच. 'कंप्रता' म्हणालो तर इस्माईलने म्हशीसारखं पाहिलं. तेव्हा मला सुचलं: देवक! एकाच देवकाची जशी सोयरीक होत न्हाई, तशा एकाच फ्रिक्वेन्सीच्या दोन गाड्या एका मैदानात नांदत न्हाईत. शब्द इतका चपखल बसला, की मी आनंदाने ओरडलो, "देवक एकच निघालं! हे जमणार न्हाई, बदलावंच लागेल!"

नेमक्या तेव्हा शेजारच्या चांगुणाबाई मेथी घेऊन जात होत्या.

(त्यांचं माहेर केदारखेडा. पुढचं मी न सांगताही तुम्हाला कळलं असेल, पण सांगतो.) मी घरी पोचेतो तुमची ताई देवापुढे डोळे पुसत बसलेली. देवक गाडीचं म्हणालो, हे माझं कुणी ऐकूनच घेईना. दुपारच्या बसने बातमी केदारखेड्याला गेली आणि दुसऱ्या दिवशी व्याही भुजंगराव जीप घेऊन दारात. "सर, देवक एकच व्हतं तं आधीच बोलायचं ना! आम्ही बँडवाल्याला इसार देऊन बसलो!" मी इस्माईलची गाडी मागवून दोन्ही गाड्या अंगणात ठेवल्या आणि एकच रिमोट त्यांच्या हाती दिला. आधी रागाने, मंग कुतूहलाने, मंग फेटा बाजूला ठेवून त्यांनी त्या पळवल्या. सेल संपले तेव्हा कुठे सोयरीक शाबूत असल्याचं त्यांनी मान्य केलं. जाताना हळूच विचारत होते, "अशी एखादी आम्हालाबी बनवता का?" ताईने पेढे वाटले. चांगुणाबाईंनी दोन उचलले.

सर्वांस यथायोग्य. आपला,
मेहुणा (आणि संशोधक)

ता. क. तुमच्या साखर कारखान्याच्या वर्कशॉपात बोटाएवढी बेअरिंगं टाकाऊ पडलेली असतात, असं ऐकतो. येताना आणावीत.

ता. क. दुसरा. बेअरिंगं न्हाई आणली तरी चालेल, पण या. भुजंगरावांची मजा वर लिहिली, आदल्या दुपारचं लिहायचं टाळलं. लग्न मोडलं असं कळल्यावर वैखरी न्हायला गेली आणि मोरीत गाणं म्हणत होती. सुपारी फुटल्यापासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता. भुजंगराव समाधानाने गेले, तशी ती भरलं ताट सोडून उठली. भूक न्हाई म्हणाली. तिला हे लग्न नको आहे, असं मला वाटतं. मी विचारलेलं न्हाई. स्थळ तुमचं, म्हणून तुम्हाला लिहायलाही जीव धजत नव्हता. पण ती मामाशी बोलते, माझ्याशी न्हाई. तुम्ही विचारा. ती 'नको' म्हणाली, तर केदारखेड्याला मी स्वतः जाईन, पाया पडेन. त्याची मला भीती न्हाई. ती 'तुम्ही म्हणाल तसं' म्हणेल, याची आहे.