कोणाच्या आज्ञेवरून

सेंट मार्टिनच्या सणाआधीचा मंगळवार, ख्रिस्तजन्मानंतरचे ९८८ वे वर्ष. (राज्यवर्ष मुद्दाम घातलेले नाही.)

प्रिय धाकट्या बहिणीस, एर्मेन्ट्रूडला, गेर्बाल्ददादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. पत्रात असे लिहिण्याची रीत आहे, म्हणून लिहिले. तुझे अक्रोड पोहोचले. मठात मौन असल्याने बांधवांनी ते शब्दाविना, पण भिंती हादरतील इतक्या जोराने फोडले. सणाला कापायचा हंस माजला असेल, तुझ्यासारखाच हट्टी. तो शेजारणीला देऊन टाक. का, ते सांगतो.

तुला राजकारणाचा कंटाळा, ठाऊक आहे. पण गेल्या वर्षी तरुण राजा शिकारीत पडून गेला, सरदारांनी ड्यूकला मुकुट घातला आणि यंदा मयताचा काका लाँ शहराचा किल्ला बळकावून स्वतःला राजा म्हणवत बसला, एवढे तुझ्या कोंबड्यांनाही माहीत असेल. आमचा काउंट नव्या राजाचा. आणि मी? मी वाऱ्याचा.

नवऱ्याच्या आत्म्यासाठी तू अर्धा द्राक्षमळा मठाला दिलास, तो दस्त मी ऑगस्टात लिहिला. त्याच आठवड्यात लाँला वेढा घालून बसलेल्या नव्या राजाची छावणी जळाल्याची वार्ता आली. वाटले, आटोपले याचे. दस्ताच्या शेवटी राजाचे वर्ष, म्हणजे कोणाच्या राज्याचे कितवे, ते घालावे लागते. मी काकाचे घातले. दूरदृष्टी म्हणून! मठाधिपतींनी फक्त मळ्याच्या सीमा वाचल्या.

काल काउंटचा कारभारी इसेंबार्ड आला. दस्त उलगडून म्हणाला, "काय हो पंडित, हा कुठला राजा? आमच्या ओळखीचा नाही."

"चुकून झालं असेल."

"चुकून माणूस शाई सांडतो. राजा सांडत नाही. बोला, कोणी सांगितलं?"

थंडी फार पडली आहे. शाई बोरूवरच गोठते. तुझ्या गुडघ्यांना चरबी चोळतेस ना?

एर्मे, मी तुझे नाव घेतले.

दस्ताखालचे आमचे ठराविक वाक्य तुला वाचून दाखवले होते: 'एर्मेन्ट्रूडच्या आज्ञेवरून गेर्बाल्दने लिहिले.' प्रत्येक दस्तात दात्याचे नाव तसेच येते, त्याला अर्थ नसतो. मी त्यावर बोट ठेवले. नुसते बोट. तो हसला. "विधवाबाईंना राजकारण कळतं म्हणायचं! सण होऊ दे, मग विचारतो त्यांना." राजद्रोहाला मळा जातो, कधी मानही.

रात्रभर दारापाशी कान लावून बसलो. तीस वर्षे शास्त्र पढवले, धैर्याचे लक्षण मुखोद्गत आहे.

पत्र आणणारी मीठवाली उद्या कांब्रेला निघते. ती शेजारच्या साम्राज्याची हद्द. तिथे काउंटचा हात पोहोचत नाही. तिच्या गाडीत बस. पोत्यांमध्ये. मीठ टोचते म्हणून कुरकुरू नकोस. तिथल्या आत्याकडे उतर, पण तिला माझे काही सांगू नकोस.

'वाचून जाळ' असे लिहिणार होतो. बोरू टेकवलाही होता. जाळू नकोस. वाटेत अडवलेच, तर हे दाखव. माझे अक्षर इसेंबार्ड ओळखतो.

तो दस्त, त्यातले राजाचे वर्ष आणि हे पत्र,
कोणाच्याही आज्ञेवरून नव्हे,
गेर्बाल्दने लिहिले.